हक्काचं पाणी

त्या उन्हाळ्यात ओढा आटला, पण कारखान्याच्या नळातून ओढ्यात पडणारं पाणी काही आटलं नाही. एरवी ते वाहत्या पाण्यात मिसळून जायचं, कुणाच्या डोळ्यांवर यायचं नाही. आता ओढ्यात तेवढंच उरलं होतं. एखाद्या दिवशी जांभळट, एखाद्या दिवशी राखेसारखं. दगडांमधून सरपटत ते खाली यायचं आणि मळ्याच्या कडेला खोलगट जागी साचून राहायचं. तिथून विहीर हाकेच्या अंतरावर.

विहीर सासऱ्यांनी खोदलेली. ते गेले, मागे दोन मुलगे आणि दोन सुना राहिल्या. सगळे एकाच घरात, एकाच चुलीवर. थोरला आणि थोरली भाजीचा मळा बघायची. धाकटा वरच्या अंगाला रंगाच्या कारखान्यात कामाला होता, पिंपं धुवायच्या खात्यात. धाकटी घर सांभाळायची, शिवणकाम करायची. आणि पोर म्हणाल तर त्या घरात एकच, धाकटीची मुलगी. दिवसभर काही ना काही कुरतडत असायची म्हणून तिला सगळे खार म्हणत. खार जन्माला धाकटीच्या पोटी आली, पण वाढली थोरलीच्या कडेवर. थोरलीला मूलबाळ नव्हतं. खार तिला ‘मोठी’ म्हणायची आणि आईनं रागावलं की सरळ मळ्याची वाट धरायची.

सकाळी थोरली मोटार सुरू करी आणि थोरला फावडं घेऊन पाटावर उभा राही. एक वाफा भरला की तोंडावर माती ओढायची, पुढच्या वाफ्याचं तोंड फोडायचं. त्या उन्हाळ्यात पाटातून आधी फेस यायला लागला, मग पाणी.

“साबणाचा दिसतोय,” थोरला म्हणाला. “वर कुणीतरी कपडे धूत असेल.”

“ओढ्यात पाणी कुठंय कपडे धुवायला?”

थोरल्यानं पुढच्या वाफ्याचं तोंड फोडलं. तो पोटऱ्यांपर्यंत चिखलात उभा होता. त्याच्या पायांच्या बोटांमधली कातडी पांढरी पडून सोलवटली होती, नखं काळी झाली होती. थोरली रोज तेल चोळायची. तो म्हणायचा, “चिखलातलं काम आहे, पाय काय फुलासारखे राहणार?”

पालकाच्या पानांच्या कडा पिवळ्या पडायला लागल्या. थोरली जुड्या बांधताना त्या कडा नखानं खुडून टाकायची, चांगली पानं बाहेरच्या बाजूला घ्यायची. बाजारात बसून गिऱ्हाइकाला म्हणायची, “ऊन लागलंय हो, बाकी काही नाही.” तिला स्वतःलाही तसंच वाटत होतं. किंवा तसं वाटून घेणं सोपं होतं. घरात तीच भाजी शिजत होती, तेच पाणी माठात भरलं जात होतं. खार वाफ्यातला मुळा उपटायची, पाटात खळखळून धुवायची आणि कचाकचा खायची.

“अगं, माती तरी नीट जाऊ दे!” थोरली ओरडायची.

“गेली, मोठी. बघ, पांढरा झाला.”

मग एका सकाळी खार उठली ती सुजलेल्या तोंडानं. डोळे एवढेएवढेसे झालेले. धाकटी हसून म्हणाली, “काय गं, रात्री कुणी गाल फुगवून गेलं का?” खारही हसली. दुसऱ्या दिवशी पायांवर सूज आली. बोटानं दाबलं की खड्डा पडायचा आणि तसाच राहायचा. लघवीला होईना. धाकट्यानं रजा टाकली आणि सगळेजण तिला घेऊन शहरातल्या मोठ्या दवाखान्यात गेले.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण गंभीर. म्हणाल्या, मूत्रपिंडं काम करेनाशी झालीत, पाणी अगदी मोजून द्यायचं, मी सांगेन तेवढंच. खारीला तहान तर अशी लागायची की ओठ चाटून चाटून फुटले. दवाखान्याच्या नळाच्या पाण्याला औषधाचा वास यायचा, ते तिला जाईना. तोंडातून बाहेर काढायची आणि म्हणायची, “घरचं दे ना, मोठी. आपल्या विहिरीचं.”

थोरली पहिल्या गाडीनं घरी गेली, विहिरीचं पाणी कॅनमध्ये भरून आली. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं तेवढंच ती चमच्यानं द्यायची, पण घरचं. खार डोळे मिटून गिळायची. एका दुपारी धाकटी डबा धुवायला गेली होती, धाकटा औषधं आणायला. खारीनं थोरलीच्या पदराचं टोक धरलं. नुसती बघत राहिली. थोरलीला ते बघणं सोसवेना. तिनं पेला भरला आणि पोरीच्या तोंडाला लावला. खार घटाघटा प्यायली. पिऊन झाल्यावर तिनं मोठा श्वास सोडला, बाजारातून दमून आलेल्या माणसासारखा.

डॉक्टरीणबाईंचं लक्ष दुसऱ्या दिवशी कॅनकडे गेलं. त्यांनी तो उजेडाकडे धरला, हलवला. वर फेस आला आणि कितीतरी वेळ बसला नाही.

“हे पाणी कुठलं?”

“आमच्या विहिरीचं. तिला हेच लागतं.”

डॉक्टरीणबाई कॅन घेऊन गेल्या. थोरलीला वाटलं, आता रागावतील. त्या रागावल्या नाहीत. परत आल्या तेव्हा त्यांनी धाकटीला खुर्चीवर बसवलं आणि बराच वेळ हळू आवाजात बोलत राहिल्या.

त्या आठवड्यात खार गेली.

घर मुकं झालं. धाकटी शिवणयंत्रासमोर बसायची, पण पायडल हलायचं नाही. धाकटा कामावर जायचा, यायचा, जेवून भिंतीकडे तोंड करून पडायचा. थोरला-थोरली मळ्यात जात राहिली, कारण वाफ्यांना कुणी मेलेलं कळत नाही. थोरली खाली मान घालून खुरपत बसायची. खुरप्याखाली मुळा आला की तिचा हात थांबायचा.

पीक काढणीला आलं असताना वकीलबाई आल्या. पायांत साधी चप्पल, खांद्याला पिशवी. डॉक्टरीणबाईंनी त्यांना पाठवलं होतं. त्या ओसरीवर बसल्या, दिलेला चहा प्यायल्या आणि म्हणाल्या, “कॅनमधल्या पाण्याची तपासणी झाली. त्यात कारखान्याचं विष निघालंय. आपण कोर्टात जाऊ शकतो. स्वच्छ पाणी, स्वच्छ हवा, हा तुमचा हक्क आहे. कायद्यानं दिलेला.”

थोरल्यानं डोकं खाजवलं. “हक्क म्हणजे, जमिनीवर असतो तसा?”

“तसाच. किंबहुना त्याहून मोठा. जमीन असो नसो, श्वास घेणाऱ्या प्रत्येकाचा आहे.”

“आणि तो आहे कधीपासून?”

“बरीच वर्षं झाली.”

थोरला बायकोकडे बघून म्हणाला, “बघ. आपल्या घरात होता आणि आपल्यालाच पत्ता नाही.” तो हसायला गेला, पण हसू ओठांवरच मोडलं.

धाकटा दारात उभा राहून ऐकत होता. “कोर्टाबिर्टात कुणी जायचं नाही,” तो म्हणाला.

“भाऊजी, ऐकून तरी घ्या,” थोरली म्हणाली.

“काय ऐकायचं? कारखाना बंद पडला तर गावातली निम्मी घरं बसतील. लोक दारात येऊन शिव्या घालतील. आणि पोर काय परत येणार आहे?”

“पुढच्यांची तरी वाचतील.” हे धाकटी म्हणाली. खार गेल्यापासून ती पहिल्यांदाच एवढ्या मोठ्यानं बोलली होती.

धाकटा तिच्याकडे वळला. “तुला काय वाटतं, मला काही कळत नाही? ते पाणी कुठून येतं ते मला माहीत नाही? अगं, तो नळ संध्याकाळी कोण सोडतं ते तरी विचार…”

तो मध्येच थांबला. कुणीच विचारलं नाही. धाकटीनं हातातली कपबशी खाली ठेवली. धाकटा पायांत चप्पल न घालताच बाहेर गेला आणि अंधार पडेपर्यंत आला नाही.

धाकटीनं सही केली. थोरल्यानं केली, थोरलीनंही केली. वकीलबाईंनी पाणी पिऊ नका म्हणून बजावलं, तेव्हापासून थोरली पलीकडच्या वस्तीवरून डोक्यावर हंडे आणायला लागली. येताना वाटेतल्या बायका आधी बोलायच्या, मग तोंड फिरवायला लागल्या. एकीचा नवरा कारखान्यात पहारेकरी होता. ती म्हणाली, “तुमची एक गेली म्हणून आमच्या चार जणांना उपाशी मारायला निघालात होय?” थोरली हंडा सावरत चालत राहिली. मान वळवली असती तर पाणी सांडलं असतं.

महिन्याभरातच धाकट्याला कामावरून काढलं. कारण काही सांगितलं नाही. तो घरी येऊन म्हणाला, “झालं समाधान?” आणि दुसऱ्या दिवसापासून गवंड्याच्या हाताखाली विटा वाहायला जायला लागला. त्याच्या नखांत बसलेला रंग मात्र कितीतरी दिवस निघाला नाही.

खटला वर्ष उलटलं तरी चालूच होता. तारखा पडायच्या, पुढे जायच्या. थोरल्याच्या पायांच्या जखमा आता भरेनाशा झाल्या होत्या. तो काठी टेकत वाफ्यांतून फिरायचा. भाजी चालूच होती. वकीलबाई एकदा चाचरत म्हणाल्या होत्या, “ही भाजी विकणं बरं नाही.” थोरली म्हणाली, “मग खायचं काय?” त्यांनी पुन्हा तो विषय काढला नाही.

थोरलीच्या साक्षीच्या दिवशी ती आणि धाकटी दोघीच गेल्या. कोर्टाची खोली ती समजत होती त्यापेक्षा लहान निघाली. पंखा करकरत होता. तिला कठड्यात उभं केलं. हात कुठं ठेवावेत ते कळेना. पाल्याच्या रसानं बोटं हिरवट काळी झालेली, ती तिनं पदराखाली घेतली. कारकून म्हणाला, “हात बाहेर ठेवा, बाई.”

कारखान्याचे वकील वयस्क होते, आवाज मऊ. त्यांनी आधी नमस्कार केला. थोरलीला त्यानंच जास्त भीती वाटली.

“तुम्ही त्या मळ्यातली भाजी बाजारात विकता?”

“होय.”

“आजही?”

“होय.”

“पाणी विषारी आहे असं तुमचंच म्हणणं. मग लोकांना विष कोण विकतंय? कारखाना की तुम्ही?”

“आम्हीपण तीच खातो,” ती म्हणाली.

“बरं. त्या मुलीला पाणी कोण भरून द्यायचं?”

“मी.”

“पाण्यावर फेस दिसत होता?”

“दिसत होता.”

“रंग दिसत होता?”

“कधीकधी.”

“तरी पाजलंत?”

“दुसरं पाणीच नव्हतं, साहेब. आणि विहिरीचं पाणी विष असेल असं कुणाच्या मनात येईल?”

वकिलांनी मान डोलावली, जणू त्यांना पटलं. मग कागदावरून नजर न उचलता म्हणाले, “दवाखान्यात तर दुसरं पाणी होतं. तिथंही घरून कॅन भरून कुणी नेला?”

थोरलीनं धाकटीकडे बघितलं. धाकटी पहिल्या बाकावर बसली होती. कॅन तिला माहीत होता. पेला माहीत नव्हता.

“मीच नेला.”

“डॉक्टरांनी मोजून सांगितलं होतं. तेवढंच दिलंत?”

वकीलबाई उठून काहीतरी बोलल्या. न्यायाधीशांनी त्यांना हातानं थांबवलं आणि थोरलीला म्हणाले, “सावकाश सांगा.”

नाही म्हणणं सोपं होतं. त्या दुपारी खोलीत तिसरं कुणी नव्हतं. पण थोरलीच्या तोंडून खोटं निघेना. “एकदा जास्त दिलं,” ती म्हणाली. “पेला भरून दिलं. तिला फार तहान लागली होती.”

पंखा करकरत राहिला. वकील म्हणाले, “माझे प्रश्न संपले,” आणि खाली बसले.

बाहेर आल्यावर वकीलबाईंनी तिचे खांदे धरले. “एका पेल्यानं काही झालेलं नाही. ती आधीच हाताबाहेर गेली होती, डॉक्टरांनीच लिहून दिलंय. कळतंय का तुम्हाला?” थोरलीनं मान हलवली. कळत होतं, पण आत कुठं पोचत नव्हतं.

गाडीच्या थांब्यावर दोघी जावा बाकाच्या दोन टोकांना बसल्या. एक गाडी आली आणि गेली, त्या चढल्या नाहीत. धाकटी रस्त्याकडे बघत होती. थोरली मनाची तयारी करून बसली होती, की आता ही तोंडात मारेल, थुंकेल, काय वाटेल ते बोलेल. बोलू दे.

“ताई,” धाकटी म्हणाली, “त्या दिवशी ती पाणी प्यायली, ते कसं प्यायली?”

थोरलीला प्रश्नच कळला नाही.

“म्हणजे तोंडातून बाहेर काढलं का? की नीट प्यायली?”

“नीट प्यायली गं. घटाघटा. एक थेंब ठेवला नाही.”

“आणि मग?”

“मग मोठा श्वास सोडला. आणि झोपली.”

धाकटीनं पदर तोंडात कोंबला. तिचं अंग गदगदत होतं, पण आवाज बाहेर येत नव्हता. थोडी शांत झाल्यावर म्हणाली, “मी मेलीनं एक चमचासुद्धा जास्त दिला नाही. डॉक्टरांनी सांगितलं म्हणून. हात जोडत होती ती माझ्यापुढं.” मग ती सरकत सरकत बाकाच्या मध्यापर्यंत आली आणि थोरलीच्या मांडीवर डोकं ठेवून, भर रस्त्यात, लहान मुलीसारखी पडून राहिली. येणारेजाणारे बघत होते. थोरली तिच्या केसांतून हिरवट काळी बोटं फिरवत राहिली.

निकाल हिवाळ्यात लागला. वकीलबाई स्वतः सांगायला आल्या. येतानाच त्यांचा चेहरा फुललेला होता. “जिंकलो आपण! निरोगी परिसरात जगणं हा माणसाचा मूळ हक्क आहे, असं कोर्टानं स्वच्छ लिहिलंय. कारखान्याला टाळं. पाणी शुद्ध करायची सोय केल्याशिवाय उघडायचा नाही. गावाला टँकरनं पाणी. आजारी माणसांना उपचार.”

थोरल्यानं खाटेवरूनच हात जोडले. धाकटा बाहेर पायरीवर बसला होता, तो उठून दारापर्यंत आला.

“आणखी काय लिहिलंय?” थोरलीनं विचारलं. वकीलबाईंचा शेवटचा शब्द जरा लवकर संपला, असं तिला वाटलं होतं.

वकीलबाईंनी पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला. “विहीर बंद करायची. आणि… ओढ्याकाठच्या जमिनीत खायचं काही पिकवायचं नाही. मातीतही उतरलंय ते. तिथली भाजी खाऊन लोकांच्या जिवाला धोका आहे, म्हणून. त्यांचाही तोच हक्क आहे ना.”

“किती दिवस?” थोरल्यानं विचारलं.

“माती साफ होईपर्यंत.”

“म्हणजे किती?”

वकीलबाईंना सांगता येईना. थोरल्यानं आढ्याकडे बघितलं. मग म्हणाला, “बरोबर आहे त्यांचं.” आणि थोड्या वेळानं पुन्हा, “बरोबर आहे.”

आठवडाभरात सरकारी माणसं आली. त्यांनी मोटारीची वायर कापली, विहिरीवर लोखंडी झाकण बसवून चारी बाजूंनी पक्कं केलं, वर लाल अक्षरांची पाटी लावली. उभं पीक उपटून खड्ड्यात पुरायचं, असा हुकूम होता. त्यांच्यातला एकजण मजूर बोलवायला निघाला, तर थोरला काठी टेकत आला. “मजूर नको. आम्ही काढतो. ते पायानं तुडवतील.”

“तुडवलं तर काय बिघडलं, काका? पुरायचंच तर आहे.”

“तरी,” थोरला म्हणाला.

पीक त्या वर्षी नेमकं चांगलं आलं होतं. थंडीमुळे पालक हातभर वाढलेला, कोथिंबीर दाट, मुळ्यांचे पांढरे खांदे मातीबाहेर आलेले. थोरली एका कडेनं बसली, धाकटी दुसऱ्या कडेनं. मुळाशी धरायचं, हलक्या हातानं ओढायचं, माती झटकायची. झटकायची गरज नव्हती, पण हात ऐकत नव्हते. थोरली नकळत जुड्या बांधायला लागली. धाकटीनं नुसतं बघितलं. थोड्या वेळानं धाकटा कामावरचे कपडे बदलून आला, त्यानं खड्डा खणायला घेतला. खाली मान घालून तो खणत राहिला. कुणी त्याला बोलवलं नव्हतं, पण धाकटीनं पाण्याचा तांब्या नेऊन त्याच्या बाजूला ठेवला. टँकरचं पाणी होतं.

दुपारी गावातली शिंपीण पिशवी घेऊन बांधावर आली. नेहमीचं गिऱ्हाईक. ढीग बघून तिनं गालाला हात लावला. “अगं बाई, एवढी सोन्यासारखी भाजी मातीत घालता? एक जुडी द्या की मला. घरी पाहुणे आलेत.”

थोरलीच्या हातात जुडी होतीच. ताजी, गच्च, चांगली पानं बाहेरच्या बाजूला घेतलेली. शिंपिणीनं पिशवीचं तोंड उघडून पुढं धरलं. थोरलीनं तिच्याकडे बघितलं, जुडीकडे बघितलं. तिच्या आयुष्यात तिनं गिऱ्हाइकाला कधी नाही म्हटलं नव्हतं.

“ही खाऊ नका, बाई,” ती म्हणाली. “आणि आधी जी दिली… ती पण द्यायला नको होती.”

शिंपीण पिशवी तशीच धरून उभी राहिली. मग तिनं तिची हळूहळू घडी केली, ती काखेत धरली आणि निघून गेली. थोरलीनं जुडी खड्ड्यात टाकली.

ऊन कलायच्या आत मळा उघडा पडला. धाकट्यानं खड्ड्यावर माती लोटली. थोरला म्हणाला, “आण इकडं ते फावडं,” आणि काठी बाजूला टाकून, जखमांवर गुंडाळलेल्या फडक्यांसकट त्या मातीवर उतरला. ढेकळं फोडली, माती सारखी केली. चारी बाजूंनी बांध ओढला, कोपरे दाबून पक्के केले. एका अंगाला वीतभर तोंड ठेवलं. वाफा कसा रेखलेला झाला. त्यानं कंबर सरळ केली, घाम पुसला, फावडं तोंडाशी रोवून उभा राहिला आणि मागं न बघता म्हणाला, “सोड पाणी.”

थोरली जागची हलली नाही. धाकटी विहिरीवरच्या झाकणाकडे बघत राहिली.

थोरला तसाच उभा होता, पाटाकडे डोळे लावून. मग धाकटा त्याच्याजवळ गेला आणि भावाच्या मुठीतून फावडं, एकेक बोट सोडवत, काढून घेतलं.